खरीददार, अडत्या आणि रेराची नोंदणी

पूर्णा नदीवरचे येलदरी धरण पावसाळ्याच्या अखेरीस भरले आणि दरवाजे उघडल्याची वार्ता पसरली, की जिंतूर, सेलू, परभणीकडच्या गाड्या तिकडे वळतात. १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने मराठवाड्याच्या तीन जिल्ह्यांना पाणी दिले आणि पायथ्याच्या वीजगृहाने साडेबावीस मेगावॉट विजेची क्षमता उभी केली. दुकान एक दिवस बंद ठेवून सहकुटुंब आलेली व्यापारी मंडळी डबे उघडतात, मुले पाण्याकडे धावतात आणि वडीलधाऱ्यांची बोलणी थोड्याच वेळात जमिनीवर येऊन ठेपतात. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची आखणी परभणी जिल्ह्यातून झाल्यापासून तर या बोलण्याला अधिकच धार आली आहे. कोणी जिंतूरला प्लॉट घेतलेला असतो, कोणाची मुले पुण्यात नोकरीला असल्यामुळे तिथे सदनिका घेतलेली असते, कोणाचा छत्रपती संभाजीनगरात गाळा असतो. अशा बैठकीत हल्ली एक सल्ला हमखास ऐकू येतो: "एवढे व्यवहार करताच आहात, तर रेराचं लायसन काढून घ्या ना. दलाली तरी घरात राहील."

हा सल्ला ऐकताना सरळ वाटतो. दहा हजार रुपये शुल्क, एक परीक्षा, आणि पाच वर्षांची सोय. ज्या घरात दर दोन-तीन वर्षांनी एखादी मालमत्ता घेतली जाते, त्या घराने हा खर्च का करू नये? परंतु या साध्या प्रश्नात दोन निराळे प्रश्न मिसळले आहेत, आणि ते वेगळे केल्यावाचून उत्तर सापडत नाही. स्वतःसाठी मालमत्ता घेणाऱ्याला एजंटाची नोंदणी हवी का, हा पहिला. दुसऱ्याला मालमत्ता घेऊन देऊन त्याबद्दल पैसे घेणाऱ्याला ती हवी का, हा दुसरा.

मोंढ्यात वाढलेल्या वाचकाला हा भेद नवा नाही. शेतकऱ्याचा माल स्वतःच्या पैशाने घेणारा तो खरीददार आणि शेतकऱ्याच्या वतीने माल विकून अडत घेणारा तो अडत्या. दोघेही एकाच ओट्यावर उभे असतात, दोघांचेही हात एकाच पोत्यात जातात, पण बाजार समिती दोघांकडे निरनिराळ्या नजरेने पाहते आणि दोघांना निरनिराळे परवाने देते. खरीददार स्वतःच्या नफ्यासाठी उभा असतो, हे सर्वांना ठाऊक असते. अडत्या मात्र दुसऱ्याच्या हितासाठी उभा आहे, असे गृहीत धरलेले असते आणि त्याची मजुरी पट्टीवर लिहिलेली असते. मालमत्तेच्या बाजारात हा भेद करणारा कायदा फार उशिरा आला.

महाराष्ट्रात १९६३ पासून मोफा कायदा होता. त्याचा रोख बांधकाम करणाऱ्यांवर होता, दलालांवर नव्हता. त्यामुळे पानाच्या ठेल्यावरचा ओळखीचा माणूस असो की मोठ्या शहरातला वातानुकूलित कार्यालयातला सल्लागार, कोणालाही नोंदणीचे बंधन नव्हते. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा कायदा संमत केला, त्याच्या उर्वरित तरतुदी १ मे २०१७ पासून अंमलात आल्या, आणि महारेरा प्राधिकरणाचे काम सुरू झाले. या कायद्याने एजंटाची व्याख्या बरीच रुंद केली आहे. प्रकल्पातील प्लॉट, सदनिका किंवा इमारतीच्या विक्रीत एका व्यक्तीच्या वतीने दुसऱ्याशी बोलणी करणारा आणि त्याबद्दल दलाली, फी किंवा अन्य कोणत्याही नावाने मोबदला घेणारा तो एजंट. केवळ खरेदीदार आणि विक्रेता यांची एकमेकांशी गाठ घालून देणाराही त्यात येतो. मध्यस्थाला गावात काय नाव आहे, याला कायदा महत्त्व देत नाही.

व्याख्येतले दोन शब्द येथे निर्णायक आहेत: ‘वतीने’ आणि ‘मोबदला’. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या नावावर घर घेणारा कोणाच्याही वतीने उभा नसतो. तो दहा घरे घेवो की दोन, तो ग्राहकच राहतो आणि त्याला नोंदणीची आवश्यकता नाही. त्याने आपली सदनिका पुढे विकली तरी तो आपलीच वस्तू विकतो. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात तर अशा गुंतवणूकदाराची स्वतंत्र दखल आहे. विकासकाकडून घेतलेली सदनिका ठराविक मुदतीत पुढे विकल्यास आधी भरलेल्या मुद्रांक शुल्काची वजावट मिळते. ही मुदत पूर्वी एक वर्षाची होती आणि २०२२ मध्ये ती तीन वर्षांची करण्यात आली. या सवलतीसाठी एजंटाचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

मग हा सल्ला आला कुठून? बराचसा अमेरिकेतून, तिथल्या नातेवाइकांच्या आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींच्या वाटेने. तिथे राज्यागणिक एजंटाचा परवाना असतो आणि विक्रीस आलेल्या घरांची तपशीलवार यादी एजंटांच्या सामायिक नोंदवहीत असते. ती यादी आतून पाहण्याचा अधिकार परवानाधारकाला मिळतो, म्हणून नियमित घरे घेणाऱ्या गुंतवणूकदाराला परवान्याचा काही उपयोग असू शकतो. आपल्याकडे अशी बंद नोंदवहीच नाही. प्रकल्पाची माहिती, मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख आणि तक्रारी महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतात. परिसरात प्रत्यक्ष कोणत्या भावाने व्यवहार झाले, हे नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची दोनवरून कळते. सातबारा महाभूलेखवर आहे. तिकडे जे परवान्याने मिळते, ते इकडे थोडी चिकाटी ठेवणाऱ्या कोणालाही मिळते.

उरतो दलाली घरात राखण्याचा मुद्दा. तो आकड्यांत मांडून पाहावा, कारण अनेक हिशेबी माणसे येथेच फसतात. समजा, पुण्यात बांधकाम सुरू असलेली साठ लाखांची सदनिका घ्यायची आहे आणि विकासक एजंटांना दोन टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार रुपये देतो. खरेदीदाराकडे स्वतःची नोंदणी असेल आणि हे पैसे त्याने दलाली म्हणून घेतले, तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला त्यावर उपकरासह ३७,४४० रुपये आयकर लागेल. उलट, नोंदणी नसलेल्या खरेदीदाराने विकासकाशी घासाघीस करून तीच रक्कम किमतीतून कमी करून घेतली, तर करारनाम्यात ५८ लाख ८० हजार रुपये लिहिले जातील. आयकराचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय कमी झालेल्या एक लाख वीस हजारांवर पाच टक्के दराने ६,००० रुपये जीएसटी वाचतो, आणि करारमूल्य शासकीय मूल्यदरापेक्षा वर असेल तर सात टक्के दराने ८,४०० रुपये मुद्रांक शुल्कही वाचते. पुढे घर विकताना खरेदी किंमत कमी दिसल्यामुळे साडेबारा टक्के दराने सुमारे पंधरा हजार रुपये भांडवली नफ्याचा कर अधिक लागेल, हे खरे. तरीही तोलून पाहता सूट ही दलालीपेक्षा उजवी ठरते. "एजंट मधे नाही, तेवढे कमी करा" हे वाक्य बोलायला प्रमाणपत्र लागत नाही. वर्षानुवर्षे घाऊक बाजारात भाव तोडणाऱ्यांना तर मुळीच लागू नये.

करविषयक आणखी एक बाजू नजरेआड होऊ नये. मालमत्ता गुंतवणूक म्हणून धरली होती की व्यापारी माल म्हणून, हा वाद आयकर खात्याशी अनेकदा उद्भवतो. किती वेळा खरेदी-विक्री झाली, मालमत्ता किती काळ ठेवली आणि वह्यांमध्ये ती कशी दाखवली, यांवर त्याचा निकाल अवलंबून असतो. केवळ एजंटाच्या नोंदणीमुळे भांडवली नफ्याचे व्यवसायी उत्पन्न होत नाही. पण वारंवार व्यवहार करणाऱ्याच्या फायलीत ते प्रमाणपत्र असेल, तर समोरच्या अधिकाऱ्याच्या हाती एक कागद अधिक पडतो.

आता दुसरा प्रश्न. खरी जोखीम तेथे आहे आणि ती पैशांपुरती नाही.

व्यापारी घरांमध्ये मालमत्तेचा शोध वर्तमानपत्रातील जाहिरातीपासून सुरू होत नाही. तो मामांपासून सुरू होतो. ज्यांनी आधी घेतले, ज्यांना विकासक ओळखतो, ज्यांच्या शब्दाला साडू, व्याही आणि भाचे मान देतात, असा एक माणूस प्रत्येक कुटुंबात असतो. तो प्रकल्प दाखवायला नेतो, भाव सांगतो आणि कोणता मजला घ्यावा, हेही ठरवतो. अशा चार-पाच आरक्षणांनंतर विकासक त्याच्या हातात एक पाकीट ठेवतो, किंवा त्याच्या स्वतःच्या सदनिकेच्या हप्त्यातून काही रक्कम वळती करतो. मामांनी मागितलेले नसते आणि त्यांनी नाकारलेलेही नसते. याच क्षणी ते कायद्याच्या दृष्टीने एजंट झालेले असतात, कारण मोबदला रोख असला काय आणि हप्त्यातली सवलत असली काय, तो मोबदलाच.

नोंदणीकृत प्रकल्पात अशी मध्यस्थी विनानोंदणी केल्यास दर दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो वाढत वाढत त्या सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. साठ लाखांच्या घराला हा आकडा तीन लाखांचा, म्हणजे मिळालेल्या दलालीच्या अडीचपट. दंडाची ही तरतूद बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असली तरी "घरच्यांत कोण तक्रार करतो" असे म्हणून ती बाजूला ठेवली जाते.

घरच्यांत तक्रार होत नाही, हे बहुधा खरे असते. समजा, प्रकल्प रखडला. भाचा एकीकडे भाडे भरतो आहे, दुसरीकडे कर्जाचा हप्ता भरतो आहे. एके दिवशी विकासकाच्या कार्यालयात हिशेब पाहताना त्याच्या आरक्षणासमोर मामांच्या नावाने दिलेली रक्कम त्याच्या दृष्टीस पडते. तो प्राधिकरणाकडे जाणार नाही. तो दिवाळीला जिंतूरला येईल, नमस्कार करील आणि कधीतरी एकांतात म्हणेल, "मामा, तुम्ही आधी सांगितलं असतं तरी मी घर घेतलंच असतं. फक्त सांगायला हवं होतं." त्यानंतर त्या कुटुंबात मामांचा शब्द पूर्वीइतका चालत नाही. ज्या पेठेत उधारी शब्दावर दिली जाते, तेथे ही हानी कोणत्याही दंडापेक्षा जड असते, आणि ती भरून काढायला कोणतेही न्यायाधिकरण नाही.

दोन टोप्या एकाच डोक्यावर चढवण्याच्या या प्रकाराची कायद्याला फार पूर्वीपासून जाण आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २१५ आणि २१६ ही कलमे येथे लागू पडतात. एजंटाने मूळ मालकाची संमती न घेता, सर्व महत्त्वाची माहिती न देता, त्याच व्यवहारात स्वतःसाठी हात घातला आणि त्यात काही अप्रामाणिकपणे लपवले किंवा मालकाचे नुकसान झाले, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. एजंटाने परस्पर मिळवलेल्या लाभावरही मालक हक्क सांगू शकतो. कायद्यातच दिलेले एक उदाहरण बोलके आहे. एकाने दुसऱ्याला विशिष्ट घर आपल्यासाठी घ्यायला सांगितले. दुसऱ्याने ‘ते मिळत नाही’ असे कळवले आणि स्वतःच घेऊन टाकले. हे उघडकीस आल्यावर पहिला त्याला ते घर त्याच किमतीला आपल्याला द्यायला भाग पाडू शकतो. गुंतवणूकदार एजंट झाला की नेमका हाच मोह त्याच्यासमोर रोज उभा राहतो: चांगला प्लॉट हाती आला, तर तो ग्राहकाला दाखवायचा की आपणच ठेवायचा? नोंदणी या मोहावर उतारा नाही. नोंदणीमुळे एवढेच होते की मोहाला बळी पडलेला माणूस शोधता येतो.

म्हणून जे दुसऱ्यांना प्रकल्प दाखवून पैसे घेतात किंवा यापुढे घेऊ इच्छितात, त्यांनी नोंदणी अवश्य करावी. त्यांना पर्यायच नाही. व्यक्तीला दहा हजार रुपये आणि कंपनी, भागीदारी इत्यादींना एक लाख रुपये शुल्क आहे. नोंदणी पाच वर्षांची असते आणि ती संपूर्ण राज्यात चालते, त्यामुळे जिंतूरला राहून पुण्याचे काम करता येते. हैदराबादचे मात्र करता येणार नाही. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. वीस तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर परीक्षा आणि उत्तीर्ण झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र, असा हा क्रम आहे. हे प्रमाणपत्र न घेतल्यामुळे २०२४ मध्ये सुमारे वीस हजार एजंटांच्या नोंदण्या निलंबित झाल्या, यावरून ही केवळ कागदी औपचारिकता राहिलेली नाही, हे ध्यानात यावे. एजंटाने हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रे ठेवावीत, अनोंदणीकृत प्रकल्पाची विक्री करू नये आणि ग्राहकाला त्याच्या हक्काची सर्व माहिती द्यावी, अशी बंधने आहेत.

दुकानदारांना येथे एक खाचखळगा सांगितला पाहिजे. सेवेचे वार्षिक उत्पन्न वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, असे सर्रास सांगितले जाते. पण ज्याचे दुकान त्याच्या स्वतःच्या पॅनवर आधीच जीएसटीत नोंदलेले आहे, त्याला दलालीवरही पहिल्या रुपयापासून अठरा टक्के कर लावावा लागतो. कापडाच्या दुकानाची आणि सदनिकेच्या दलालीची उलाढाल कायदा एकत्रच मोजतो. विकासक मोबदला देताना दोन टक्के टीडीएस कापील, तेव्हा ती नोंद खात्याच्या संगणकावर आपोआप जाते. ‘किरकोळ होते, म्हणून दाखवले नाही’ हे उत्तर आता पुरत नाही. ज्या घरात एखादा मुलगा किंवा सून हा व्यवसाय मनापासून करू इच्छिते, तिथे नोंदणी त्यांच्या स्वतंत्र नावावर घेणे अधिक स्वच्छ. सुशिक्षित सुनांना घरूनही करता येण्याजोगा हा व्यवसाय आहे आणि दुकानाच्या गल्ल्यावर तिसऱ्या भावाला बसवण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. चार भागीदारांनी दोन एकर घ्यायचे, अकृषिक करायचे, प्लॉटिंग पाडायचे आणि ओळखीत विकायचे, हा आपल्याकडचा नेहमीचा व्यवहार. यासाठी एजंटाची नोंदणी काढली की काम भागले, असे काहींना वाटते. वस्तुतः येथे ते एजंट नसतात, प्रवर्तक असतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत बिल्डरच. जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास पाच गुंठ्यांपेक्षा अधिक असेल, तर नियोजन क्षेत्रात प्रकल्पाचीच नोंदणी करावी लागते. ती टाळल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नियोजन क्षेत्राबाहेरही, स्थानिक प्राधिकरणाची परवानगी घेतलेला प्रकल्प असेल, तर ग्राहकांच्या हितासाठी नोंदणीचा आदेश देण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे.

येलदरीच्या परिसरात ज्या जमिनींची बोलणी चालतात, त्या बहुतांशी शेतजमिनी. त्या कोणत्याही नोंदणीकृत प्रकल्पाचा भाग नसल्यामुळे रेराच्या एजंटाचा त्यांच्याशी संबंध येत नाही. येथे लागते ती निराळी विद्या. मराठवाड्यात कूळकायदा हैदराबाद संस्थानाच्या १९५० च्या कायद्याचा आहे. भोगवटादार वर्ग दोनच्या आणि इनामी जमिनींना हस्तांतरणाची बंधने आहेत. जिरायत जमीन वीस गुंठ्यांपेक्षा आणि बागायत दहा गुंठ्यांपेक्षा लहान तुकड्यांत विकण्याला तुकडेबंदी आडवी येते. आणि धरणाजवळच्या जमिनीत संपादनाची हद्द नेमकी कुठे संपते, हे मोजणीच्या नकाशावरच पाहावे लागते. पाणी ओसरल्यावर दिसणारा काठ म्हणजे हद्द नव्हे. इसार पावतीवर पाच लाख देण्यापूर्वी जुने फेरफार काढून घेणारा तलाठी कार्यालयाच्या चार खेपा करील, पण त्या खेपांसाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही.

ज्यांना कोणाकडून मालमत्ता घ्यायची आहे, मग तो परका असो की मामा, त्यांनी दोन क्रमांक मागावेत. प्रकल्पाचा क्रमांक इंग्रजी ‘पी’ने सुरू होतो, एजंटाचा ‘ए’ने, आणि दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत पडताळता येतात. त्यानंतर तिसरी गोष्ट विचारावी: या व्यवहारात तुम्हाला कोणाकडून किती मिळणार आहे? मोंढ्यात शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या पट्टीवर अडत, हमाली आणि तोलाई वेगवेगळ्या ओळींत लिहिलेली असते. तशीच एक ओळ आरक्षणाच्या कागदावर मामांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिली, तर भाचा त्यावर बहुधा सही करील आणि चहाही पिऊन जाईल.